टॉल्किन: आधी नीट प्रत, मग खर्डे

पॉडकास्टमध्ये वेळेअभावी राहिलेला मुद्दा: टॉल्किनचे मरणोत्तर छापलेले खर्डे कुठल्या क्रमाने वाचायचे? ‘लिहिले त्या क्रमाने’ हे संशोधकाचं उत्तर. इथे दोहात शुक्रवारच्या सुट्टीत मी तसंच केलं, आणि फसले.

मुलगा ख्रिस्तोफर याने 2017 साली काढलेलं ‘बेरेन अँड लुथिएन’ जुन्या खर्ड्यापासून सुरू होतं. त्यात बेरेनला राबवून घेतो एक अवाढव्य बोका, आणि बेरेन माणूस नाहीच, तोही एल्फ आहे. गंमत वाटते, पण पुढे काय बदललं ते कळत नाही.

म्हणून आधी 1977च्या ‘सिल्मरिलियन’मधलं तेच प्रकरण वाचा. तिथे बेरेन मर्त्य, लुथिएन अमर. या दरीवरच कथा उभी आहे. बोक्याच्या जागी सौरॉन आलाय. मग जुन्या खर्ड्याकडे या. दरी नसताना कथा किती हलकी होती, ते तेव्हा दिसतं.

एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. आपण आधी ग्रंथ वाचतो, पाठभेदांवर नंतर भांडतो. ‘सिल्मरिलियन’ही संपादकानेच जुळवलेलं. त्याला चौकट न देता छापणं चुकलं, असं ख्रिस्तोफरने पुढे स्वतःच लिहिलं. तेव्हा तिथे थांबू नका. पण सुरुवात तिथूनच करा.