न धुतलेले रोल

एखादा लेखक मरण पावला आणि त्याच्या कपाटात काही अपुरे लिखाण सापडले, तर त्याचे काय करावे, हा वाद आपल्या साहित्यात जुना आहे. लेखकाने स्वतः जे छापले नाही ते आपण छापू नये, असे एक पक्ष म्हणतो. थोर माणसाच्या हातचा कपटाही वाया जाऊ देऊ नये, असे दुसरा पक्ष म्हणतो. या दोघांचे म्हणणे ऐकताना मला नेहमी असे वाटत आले आहे की, वादाचा विषयच कुणी नीट वेगळा काढून ठेवलेला नाही. कच्च्या मजकुरात लेखकाचे पाहणे, लिहिणे, खोडणे आणि पसंत करणे ही सगळी एकाच कागदावर इतकी मिसळून गेलेली असतात की, एक कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले हे सांगता येत नाही. छायाचित्रकाराचे तसे नाही. फोटो काढणे, फिल्म धुणे आणि धुतलेल्या निगेटिव्हमधून निवड करून कॉप्या काढणे ही त्याची तीन कामे काळाने एकमेकांपासून अलग असतात. यांतले पहिले झाले आणि दुसरे राहून गेले, असा एखादा रोल मागे राहिला, म्हणजे आपला जुना प्रश्न अगदी सोलून समोर येतो. म्हणून न धुतलेल्या रोलांचा हा विचार मी साहित्याचा वाचक या नात्यानेच करीत आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे अतिशय बारीक कण पसरलेले असतात. उजेड पडला की त्या कणांत चांदीचे मोजके अणू मोकळे होतात. डोळ्यांना यातले काहीच दिसत नाही. तरी चित्र तिथे आलेले असते. त्याला सुप्त प्रतिमा म्हणू. डेव्हलपरमध्ये फिल्म टाकली म्हणजे त्या मोजक्या अणूंच्या आधाराने सगळा कण चांदीचा होतो, हायपोने उरलेले क्षार निघून जातात आणि निगेटिव्ह हाती येते. ही सुप्त प्रतिमा अमर नाही. वर्षांमागून वर्षे जातात तशी ती विरत जाते. आणि ज्या कणांना कधी उजेड लागलाच नाही तेही उष्णतेने आणि दमटपणाने काळे होऊ लागतात. फिल्मवर धुके चढते, असे छायाचित्रकार म्हणतात. पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत नाशिकचे वीस-पंचवीस वैशाख काढलेल्या रोलाची काय दशा होत असेल, याची कल्पना करावी. रंगीत फिल्मला आणखी एक भय असते. तिची धुण्याची रीतच जगातून उठून जाते. कोडाक्रोम ही फिल्म धुणारी शेवटची प्रयोगशाळा अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावी होती. तिने त्या कामासाठी रोल घेणे डिसेंबर २०१० च्या अखेरीस थांबवले. आता कुणाला कोडाक्रोमचा रोल सापडला, तर तो कृष्णधवल म्हणूनच धुवावा लागतो.

तेव्हा ‘आहे तसा राहू द्या’ हे उत्तर वाटते तितके निरुपद्रवी नाही. निर्णय पुढे ढकलल्याचा आपल्याला भास होतो. प्रत्यक्षात चित्र पुसून टाकण्याचा निर्णय हळूहळू अमलात येत असतो. वहीचे तसे नसते. कसर लागली नाही तर वही पन्नास वर्षांनीही वाचता येते.

यानंतरचा प्रश्न असा की, रोल न धुतलेला का राहिला? सगळ्या न धुतलेल्या रोलांना एकच न्याय लावणे हा माझ्या मते या विषयातला मुख्य घोटाळा आहे.

कधी मरणच आड येते. जुलै १८९७ मध्ये आंद्रे हा स्वीडिश प्रवासी दोन सोबत्यांसह बलूनमध्ये बसून उत्तर ध्रुवाकडे निघाला. बलून बर्फावर उतरले आणि तिघांचा पुढे ठावठिकाणा लागला नाही. तेहतीस वर्षांनी, १९३० साली, एका ओसाड बेटावर त्यांचे अवशेष सापडले आणि त्यांत त्यांच्या फिल्मही मिळाल्या. स्टॉकहोमच्या जॉन हर्ट्‌झबर्ग यांनी त्या मोठ्या नेटाने धुतल्या आणि सुमारे दोनशे चाळीस चित्रांपैकी त्र्याण्णव वाचवली. बर्फावर आडवे पडलेले बलून आणि त्याच्याकडे पाहत उभी असलेली दोन माणसे, हे चित्र त्यांतलेच. ही फिल्म धुवावी की नाही असा वाद घालण्याचे कारणच नव्हते. ज्यांनी ही चित्रे काढली त्यांना ती जगाला दाखवायची होती.

कधी पैसा आणि जागा आड येते. शिकागोत मुले सांभाळण्याची नोकरी करून पोट भरणारी व्हिव्हियन मायर ही बाई चार दशकांहून अधिक काळ रस्त्यावर फोटो काढीत होती. ज्या एका घरी ती बरीच वर्षे राहिली, तिथल्या न्हाणीघरात तिने डार्करूम केली होती. ती नोकरी सुटली, न्हाणीघर गेले आणि न धुतलेले रोल साचू लागले. २००७ साली तिच्या खोक्यांचा लिलाव झाला. २००९ मध्ये ती वारली. आणि त्यानंतर तिचे नाव जगभर झाले. परंतु आज आपण जिला ‘मायर’ म्हणतो ती छायाचित्रकार किती तिची आणि किती ती खोकी विकत घेणाऱ्यांची? एक लाखाहून अधिक निगेटिव्हमधून दीडशे चित्रे पुस्तकात येतात. ही दीडशे तिने निवडलेली नाहीत. दुसऱ्या कुणी दुसरी दीडशे काढली असती, तर कदाचित एक निराळीच बाई आपल्यासमोर उभी राहिली असती.

आणि कधी न धुणे हीच कामाची रीत असते. गॅरी विनोग्रँड हा न्यू यॉर्कच्या रस्त्यांचा चित्रकार १९८४ साली वारला, तेव्हा त्याच्यामागे सुमारे अडीच हजार रोल न धुतलेले होते. धुतलेले पण त्याने नीट न पाहिलेले आणखी हजारो होते, ते निराळेच. तो पूर्वीपासूनच रोल मुद्दाम वर्ष-वर्ष ठेवून देत असे. चित्र काढतानाचा आनंद मनात ताजा असला की वाईट चित्रही चांगले वाटते. तो आनंद विसरला म्हणजे निवड नितळ होते, असे त्याचे मत होते. मासिकाच्या संपादकाने कवीला कविता सहा महिने पेटीत ठेवायला सांगावे, तसेच हे. त्याच्या मरणानंतर ते रोल धुतले गेले. न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचे जॉन झारकॉव्‌स्की यांनी १९८८ साली त्याचे प्रदर्शन भरवले आणि अखेरच्या वर्षांतले त्याचे काम उतरलेले आहे, असा निर्णय दिला.

झारकॉव्‌स्की विनोग्रँडचे चाहते होते, त्यामुळे हा निर्णय त्यांनी सुखाने दिलेला नसणार. तरीही मला तो मान्य होत नाही. एका बाजूला चित्रकाराने आणि त्याच्या मित्रांनी वर्षानुवर्षे पारखून घेतलेली काही शे चित्रे, आणि दुसऱ्या बाजूला कुणाचीच नजर न फिरलेली लाखो. ही तुलनाच सरळ नव्हे. कुठल्याही चांगल्या कवीच्या वह्या त्याच्या संग्रहाशेजारी ठेवल्या, तर वह्या उतरलेल्याच दिसतील. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या पुस्तकात कलाकृतीचे मर्म रचनेत, म्हणजे संवाद, विरोध आणि समतोल यांच्या लयीत शोधले. त्यांचे सारे मत मान्य नसले तरी इथे ते उपयोगी पडते. रोलात क्रम असतो, रचना नसते. पहिल्या चित्रानंतर दुसरे येते ते केवळ खटका पुन्हा दाबला म्हणून. निवड झाल्याशिवाय त्या छत्तीस चौकटींना कृती म्हणता येत नाही, आणि जी कृतीच नव्हे तिच्यावर कृतीचा निकष लावता येत नाही.

माझ्या म्हणण्याला एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. विनोग्रँड जिवंत असतानाही निवडीचे काम पुष्कळदा मित्रांवर सोपवी. १९७७ सालचे त्याचे एक पुस्तक टॉड पापाजॉर्ज या मित्रानेच सिद्ध केले होते. मग मरणानंतर मित्रांनी निवडले तर बिघडले काय? फरक एवढाच की, जिवंत माणूस ‘हे नको’ म्हणू शकतो. तो म्हणत नसला तरी म्हणू शकतो, आणि निवडणाऱ्याच्या हातावर त्याचा धाक राहतो. मरणानंतर तो धाक उरत नाही.

आता आपल्या घराकडे वळू. आमचे सातपूर ज्या रस्त्यावर आहे त्याच रस्त्याने पुढे गेले की त्र्यंबकेश्वर लागते. दादासाहेब फाळके १८७० साली तिथे जन्मले. फाळक्यांच्या घरात वर सांगितलेली तिन्ही कामे एका छपराखाली चालत. १९१२ साली कॅमेरा आला तेव्हा कोऱ्या फिल्मच्या कडांना भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे सरस्वतीबाईंनी शिकून घेतली. दिवसा चित्रण करायचे आणि रात्री धुऊन पाहायचे, असा तो संसार होता. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली मुंबईत लागला आणि त्यानंतर बिऱ्हाड नाशिकला आले. फाळके १९४४ साली इथेच वारले. त्यांच्या कामात न धुतलेले, न निवडलेले असे काही नव्हते. सारे सिद्ध होते, लोकांनी पाहिलेले होते. तरी त्यातले बहुतेक आज नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ची काही रिळे उरली, ती १९१३ची की १९१७ साली पुन्हा केलेल्या चित्रणाची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ‘कालिया मर्दन’ (१९१९) बराचसा राहिला. पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली निघाले, म्हणजे फाळके जाऊन वीस वर्षे झाल्यावर. तिथे पी. के. नायर यांनी चांगले-वाईट न पाहता मिळेल ते रीळ जमवले म्हणून एवढे तरी हाती आहे. फाळक्यांच्या फिल्म नष्ट कराव्यात असे कुणी ठरवले नव्हते. कुणी काहीच ठरवले नाही, एवढेच झाले. नायरांची रीत मला विचाराने बरोबर वाटते ती यासाठी की, आधी राखावे आणि मग पारखावे, हा क्रम त्यांनी उलटू दिला नाही.

हा क्रम घरगुती रोलांनाही लागू पडतो, हे मला गेल्या वर्षी कळले. माझ्या एका सहकाऱ्याचे वडील इथल्या औद्योगिक वसाहतीत फिटर होते. त्यांच्या मागे कपाटात अगफा क्लिक थ्री कॅमेऱ्याचा एक संपलेला रोल निघाला. मुलाला तो धुवायचा होता. आई म्हणाली, “त्यांनी नाही धुतला, तर तू का धुतोस?” विनोग्रँडच्या अभ्यासकांना कुणी विचारायला हवा होता तो प्रश्न या बाईने विचारला. मुलाने सांगितले, “आई, तेव्हा धुण्याला आणि बारा कॉप्यांना पैसे पडत. नको म्हणून ठेवला, की नंतर बघू म्हणून ठेवला, ते आपल्याला कुठे ठाऊक आहे?” बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “धुऊन आण. पण मी सांगेपर्यंत मला दाखवू नको.” बारांपैकी सात चौकटी आल्या. त्या निगेटिव्ह पाकिटात घालून, वर तारीख लिहून, त्याच कपाटात ठेवल्या आहेत. बाईंनी अजून त्या मागितलेल्या नाहीत आणि मुलाने कॉप्या काढलेल्या नाहीत.

पुष्कळ पंडितांना जो भेद सुचला नाही तो त्या घरात सहज पाळला गेला. धुणे हे राखण्याचे काम आहे, आणि ते वेळेत केले पाहिजे, कारण फिल्म थांबत नाही. कॉपी काढणे, निवडणे, चारचौघांत मांडणे हे निर्णयाचे काम आहे; त्याला घाई नाही आणि त्याचा अधिकारही सर्वांना नाही.

साहित्यात हा भेद प्रामाणिकपणे पाळल्याचे एक उदाहरण नाशिकच्याच आठवणीतले आहे. रेव्हरंड टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ आरंभीच्या काही अध्यायांवर थांबले होते. लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले, आणि अखेरचा भाग त्यांच्या मुलाने, देवदत्त टिळकांनी, पुरा केला. त्यांनी टिळकांचे अध्याय राखले, आणि आपले ते आपल्या नावाने लिहिले. कुणाची ओळ कुठे संपते याबद्दल वाचकाची फसवणूक झाली नाही. आपण दिवाळी अंक काढणारे आणि त्यांत लिहिणारे मात्र ‘अप्रकाशित’ हा शब्द अनुक्रमणिकेत दागिन्यासारखा मिरवतो. दिवंगत कवीच्या वहीतली, त्याने स्वतः तीनदा बाजूला ठेवलेली कविता त्याच्या उत्तम कवितांच्या पंगतीला बसवतो, आणि वर तिच्यावरून त्याच्या उतारवयाचे अनुमानही काढतो. ती वही जपावी, तिची नक्कल करून ठेवावी, अभ्यासकाला दाखवावी. छापायची तर कुणी निवडली आणि कवीने ती का वगळली असावी, हे वर स्पष्ट लिहावे. एवढे केले तर दोन्ही पक्षांचे म्हणणे राहते आणि कवीवर अन्यायही होत नाही.