वाट आणि तबकडी

गायक-वादकाची अभिरुची गुरूच घडवितो, हे आपले रूढ मत अपुरे आहे. गुरू विद्या देतो. पण कोणत्या स्वरासाठी जीव व्याकुळ व्हावा, हे पुष्कळदा त्यापूर्वीच ठरून गेलेले असते.

बिस्मिल्ला खाँ (१९१६-२००६) वाराणसीत मामा अलीबक्ष यांच्यापाशी सनई शिकले. परंतु बालाजी मंदिरात रियाजाला जाताना ते रसूलनबाई व बतूलनबाई या भगिनींच्या घरावरून जाणारी वाट धरीत. संगीताची ओढ तेथे लागली, असे ते सांगत. पुढे त्यांच्या सनईत ठुमरी, चैती, कजरी इतक्या सहजतेने नांदल्या, त्याचे मूळ या वाटेवरच शोधले पाहिजे.

भीमसेन जोशी (१९२२-२०११) यांना अशी वाट लाभली नाही. गदगमध्ये कानी पडलेली अब्दुल करीम खाँ यांची तबकडीच त्यांची वाट झाली, आणि १९३३ मध्ये गुरूच्या शोधार्थ त्यांनी घर सोडले.

दोघांनाही मिळाला तो अंशच. एकाला जाता-जाता, दुसऱ्याला तीन-चार मिनिटांपुरता. अपुरेपणानेच शोध जागविला. भेद एवढाच, की वाटेवरचे गाणे रोज नवे असते; तबकडी तेच पुन्हा ऐकविते व अनुकरणाचा मोह घालते. भीमसेनांनी सवाई गंधर्वांची खडतर तालीम घेऊन तो मोह ओलांडला.

रसूलनबाई १९७४ मध्ये निवर्तल्या. आता त्यांच्या घरावरून जाणारी वाट ध्वनिमुद्रणांतूनच जाते. त्या वाटेवर मुक्काम करावयाचा नसतो, हे उमजेल त्यालाच ती मंदिरापर्यंत पोहोचवील.