‘एकमत झालं’ असं लिहिण्याआधी: १९९९ च्या संयुक्त घोषणापत्राचं एक वाचन

संशोधनाची तयारी करताना साहित्य-आढाव्यात एक वाक्य लिहायचा मोह हमखास होतो: ‘या मुद्द्यावर आता एकमत आहे.’ ते लिहिण्याआधी काय तपासायचं, हे दाखवायला आज मी मुद्दाम विज्ञानाबाहेरचा दस्तऐवज घेतेय. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी सही केलेलं, नीतिमान ठरण्याच्या सिद्धांतावरचं संयुक्त घोषणापत्र. अवघे ४४ परिच्छेद आहेत, एका बैठकीत वाचून होतात.

प्रश्न जुना आहे. माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो कशामुळे? ल्यूथरचं उत्तर होतं: कृपेने, केवळ विश्वासाने. ट्रेंटच्या परिषदेने (१५४५ ते १५६३) या मताचा, म्हणजे तिला ते जसं दिसलं तसा, धिक्कार केला. उलट बाजूने लुथरन कबुलीग्रंथांनीही रोमला दोषी ठरवलं. पुढची चारशे वर्षं हे धिक्कार कागदावर तसेच राहिले.

घोषणापत्राची पद्धत शिकण्यासारखी आहे. सात उपमुद्दे घेतले आहेत आणि प्रत्येकाला तीन परिच्छेद दिले आहेत. एकात ‘आम्ही मिळून कबूल करतो’, उरलेल्या दोनांत कॅथलिक आणि लुथरन बाजू आपापल्या भाषेत. म्हणजे मतभेद झाकलेला नाही, त्याची जागा ठरवून दिली आहे. उदाहरण बघा. विश्वासणारा माणूस एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो, असं लुथरन म्हणतात. बाप्तिस्म्यानंतर उरते ती पापाकडे ओढणारी वासना, तिला खऱ्या अर्थाने पाप म्हणता येत नाही, असं कॅथलिक म्हणतात. भांडणाचा मोठा भाग ‘पाप’ या शब्दाच्या व्याख्येत आहे हे इथे लख्ख दिसतं. दोन गटांचे निष्कर्ष जुळत नसतील तर आधी व्याख्या जुळतात का ते बघा, हे तुमच्या गाइडनेही सांगितलं असेलच.

इथपर्यंत ठीक. माझा आक्षेप पुढे आहे. परिच्छेद ४३ मध्ये ‘अजून स्पष्टीकरण हवं’ अशा विषयांची यादी येते. देवाचं वचन आणि चर्चची शिकवण यांचं नातं, चर्चमधला अधिकार, चर्चचं ऐक्य, धर्मसेवा, संस्कार. आपल्या शोधनिबंधात शेवटी ‘पुढील संशोधनाच्या दिशा’ असतात ना, तसं. पण अधिकाराचा प्रश्न शेवटी ढकलता येण्याजोगा नाही, कारण तो या निष्कर्षाच्या पायातच आहे. जुना धिक्कार आता लागू नाही, असं म्हणायचा हक्क कोणाला?

हा आक्षेप हवेतला नाही. १९९८ मध्ये रोमने मसुद्याला दिलेल्या अधिकृत उत्तरात हेच विचारलं होतं: लुथरन बाजूने सिनडांमार्फत जे एकमत गोळा केलं, त्याला त्यांच्या समाजात आज आणि उद्या खरा अधिकार किती? त्याच सुमारास जर्मनीतल्या शंभराहून जास्त प्रोटेस्टंट धर्मशास्त्र-प्राध्यापकांनी मसुद्याला जाहीर विरोध केला. शेवटी स्पष्टीकरणाची पुरवणी जोडून सह्या झाल्या. रोमचे शब्दही मोजून मापून आहेत. ट्रेंट चुकलं असं कुठेच म्हटलेलं नाही. ‘या घोषणापत्रात मांडलेल्या’ लुथरन शिकवणीला तो धिक्कार लागू होत नाही, एवढंच म्हटलंय. निष्कर्षाला घातलेली ही अट वाचायची राहिली, तर सगळा अर्थच बदलतो.

ऐक्याचंही तसंच. १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबानुसार सुवार्तेच्या शिकवणीवर आणि संस्कारांवर एकमत असलं की चर्चच्या ऐक्याला तेवढं पुरे. कॅथलिक दृष्टीने मात्र प्रेषितांपासून चालत आलेली बिशपपरंपरा आणि पोपशी सहभागिता हवीच. म्हणजे निकाल एक, पण त्यावरून काढायचं अनुमान वेगळं. ‘मग आता प्रभुभोजन एकत्र का नाही?’ हा लुथरन प्रश्न आणि ‘अजून ती वेळ आलेली नाही’ हे कॅथलिक उत्तर, दोन्ही आपापल्या व्याख्येत सुसंगत आहेत.

म्हणूनच २००० साली ‘दोमिनुस येसुस’ हे व्हॅटिकनचं पत्रक आलं तेव्हा अनेक प्रोटेस्टंट दुखावले. वैध बिशपपद आणि प्रभुभोजनाचं पूर्ण सत्त्व जिथे टिकलेलं नाही, ते समुदाय खऱ्या अर्थाने चर्च नाहीत, असं त्यात होतं. वर्षभरापूर्वी सोबत सही केलेल्यांना हे ऐकावं लागलं. दुःख खरं होतं, पण हे अनपेक्षित नव्हतं. घोषणापत्राच्या सुरुवातीच्या भागातच तळटीप आहे: ‘चर्च’ हा शब्द प्रत्येकाच्या स्वतःविषयीच्या समजुतीप्रमाणे वापरला आहे, त्यातले वाद सोडवायचा हेतू नाही. मुख्य शब्दाची व्याख्या तळटिपेत उघडी ठेवली होती!

याउलट, नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्च मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झालं. तिथे बिशपपद कसं असेल, बाप्तिस्मा बालपणी की मोठेपणी, हे आधी ठरवावं लागलं, त्याशिवाय एक होणंच शक्य नव्हतं. अर्थात रोम त्या वाटाघाटीत नव्हतं, त्यामुळे सर्वांत अवघड गाठही तिथे नव्हती.

मग घोषणापत्र फोल का? मला तसं वाटत नाही. २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड चर्चच्या जागतिक संघटना त्यात सामील झाल्या. एकमेकांच्या मताचं व्यंगचित्र करून त्यावर हल्ला करणं त्याने अवघड केलं, ही मोठी कमाई आहे. फक्त ती कमाई कृपेच्या सिद्धांतावरची आहे. तिला ‘चर्चचं ऐक्य’ म्हणणं म्हणजे निष्कर्ष त्याच्या मर्यादेबाहेर ओढणं.

तेव्हा पुढच्या वेळी ‘एकमत आहे’ असं लिहाल, तेव्हा तीन गोष्टी बघा: एकमत कोणत्या अटीत आहे, मुख्य शब्दाची व्याख्या दोन्हीकडे एकच आहे का, आणि ते जाहीर करायचा अधिकार कोणी कोणाला दिला. आणि हो, तळटिपा वाचा.