दत्तकाची रेघ

तिरुक्करुगावूरच्या गर्भरक्षांबिकेकडे मूल मागायला आलेली जोडपी देवीच्या पायांशी ठेवलेले तूप घेऊन परततात. आम्ही तंजावरी मराठी. माझी आजीही असे तूप घेऊन गेली होती. तिला मूल झाले नाही. आजोबांनी चुलतभावाचा मुलगा दत्तक घेतला. ते माझे वडील. घरातल्या वंशावळीत मात्र आजोबांपासून वडिलांपर्यंत एक सरळ रेघ आहे. ती वंशावळ मी आता नव्याने लिहितो आहे, आणि काकू विचारते, ‘एवढे कशाला लिहायचे रे?’

हा प्रश्न मनात ठेवून मी तंजावरचा भोसले वंशाचा शिलालेख पुन्हा वाचला. सरफोजी दुसरे यांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या प्राकारात तो कोरवून घेतला. मजकूर चिटणीस बाबुराव यांचा. जगातल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांपैकी एक, एवढे सांगून आपण सहसा थांबतो. पण ती एका घराण्याने स्वतःविषयी लिहिलेली हकीकत आहे. तशीच ती वाचायला हवी.

ती कोणी आणि केव्हा लिहवली, हे विसरून चालणार नाही. तुळजाराजांनी १७८७ मध्ये सरफोजींना दत्तक घेतले आणि त्याच वर्षी ते वारले. कंपनीने पंडितांचे मत घेतले; दत्तविधान अमान्य ठरले आणि अमरसिंह गादीवर बसले. पुढे पंडितांचा कौल फिरला, १७९८ मध्ये सरफोजींना गादी मिळाली. पण १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राज्य हातात न उरलेल्या, वारसा एकदा नाकारल्या गेलेल्या राजाने चार वर्षांनी आपला वंश दगडात कोरवला.

म्हणून या लेखाचे दोन भाग मला वेगवेगळे ऐकू येतात. दूरच्या पूर्वजांविषयी तो बखरीच्या थाटात, निःशंकपणे बोलतो, आणि तिथेच त्याच्या कालक्रमावर विसंबता येत नाही. जवळच्या काळाकडे येताना तो बाजू मांडू लागतो. इंग्रजांच्या स्नेहाचा गौरव खटकतो. तरी त्यामागची धास्ती खरी आहे. माझ्या मते या लेखाचे मोल पराक्रमाच्या वर्णनात नाही, या धास्तीत आहे. दत्तक झाकून सरफोजींचा हक्क सिद्ध होणारच नव्हता. तो उघड सांगणे भाग होते.

पुरावा म्हणून ही भिंत उपयोगी पडली नाही. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी पुत्राविना वारले आणि कंपनीने संस्थान संपवले. राणी कामाक्षीबाईंनी दाद मागितली. १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलचा निकाल त्यांच्याविरुद्ध गेला. गादी गेली, हकीकत मात्र उरली.

आमच्याकडे ना गादी होती, ना खटला. लपवायचे कारण फक्त संकोच. पण त्या सरळ रेघेने वडिलांना जन्म देणारी आई पुसली, आणि देवीकडे तूप मागणारी आजीही. जुन्या वंशावळीत दोघींचीही नावे नाहीत. नव्या वंशावळीत वडिलांच्या नावाकडे दोन रेघा येतात. एकीच्या टोकाला त्यांच्या जन्मदात्रीचे नाव आहे. दुसरीवर ‘दत्तक’ असे लिहिले आहे, आणि तिच्या टोकाला आजीचे नाव, त्याखाली तिरुक्करुगावूर.

काकूला ती अजून दाखवायची आहे.