संगणकीय संदेश-चौकटीतील मराठी : एक चिकित्सक अभ्यास

सारांश : संगणकाच्या पडद्यावर काम करताना मध्येच उघडणारी संदेश-चौकट हा मराठीतील एक नवा, परंतु समीक्षेने दुर्लक्षिलेला मजकूर आहे. पुण्यात झालेल्या भाषा-तंत्रज्ञानाच्या वाटचालीच्या संदर्भात या मजकुराचे परीक्षण प्रस्तुत लेखात केले आहे. मराठी संदेशांतील उणिवा पारिभाषिक शब्दांच्या अभावातून कमी आणि प्रोग्रामच्या रचनेतून अधिक उद्भवतात, असे येथील प्रतिपादन आहे.

१. प्रस्तावना

संगणकाच्या वर्गात ज्याला मेसेज बॉक्स म्हणतात, ती संदेश-चौकट म्हणजे एक-दोन वाक्ये, एखादे चिन्ह आणि खाली एक ते तीन बटणे, एवढाच ऐवज. तिचे वैशिष्ट्य असे की, वापरकर्त्याने उत्तर दिल्याखेरीज त्या प्रोग्राममधील पुढचे काम होत नाही. मेनू किंवा चिन्हपट्टी वापरकर्त्याच्या सोयीने वाचली जाते. संदेश-चौकट मात्र त्याला थांबवून वाचायला लावते. केलेले काम जपायचे की सोडायचे, नोंद ठेवायची की काढायची, असा निर्णय ती त्याच्याकडून घेते आणि त्या निर्णयाची जबाबदारीही त्याच्यावर टाकते. म्हणून संगणकाच्या पडद्यावरील मजकुरात सर्वांत कमी शब्दांचा, पण सर्वांत अधिक परिणाम करणारा मजकूर हाच होय.

चित्रमय पडद्याची ही पद्धत झेरॉक्स स्टार (१९८१) आणि ॲपल मॅकिंटॉश (१९८४) या संगणकांमुळे रूढ होत गेली. विंडोजच्या १९८५ मधील पहिल्या आवृत्तीपासून मेसेजबॉक्स हे फंक्शन प्रोग्रामरच्या हाताशी आहे. पुढे व्हिज्युअल बेसिक, जावा, क्यूट, जीटीके अशा प्रत्येक साधनाने त्याची आपापली आवृत्ती दिली. एका ओळीच्या आज्ञेत चौकट उघडते; त्यामुळे प्रोग्रामिंगच्या पहिल्या काही प्रात्यक्षिकांतच विद्यार्थी ती शिकतो. चौकट उघडली की प्रात्यक्षिक पूर्ण झाले असे मानले जाते. तिच्यात काय लिहिले आहे, याचे गुण नसतात.

२. पुण्यातील पार्श्वभूमी

मराठी संगणकावर आणण्याच्या इतिहासात पुण्याचे स्थान मध्यवर्ती आहे. १९८८ मध्ये येथे स्थापन झालेल्या सी-डॅकने आयआयटी कानपूरमध्ये विकसित झालेले जिस्ट तंत्रज्ञान पुढे नेले आणि आयएसएमसारखी साधने दिली. मॉड्युलर इन्फोटेक या पुण्यातील कंपनीची श्री-लिपी ही प्रणाली मुद्रण व्यवसायात आणि कार्यालयांत पोहोचली. या साधनांमुळे मराठी मजकूर टाइप होऊ लागला, छापला जाऊ लागला. मात्र संदेश-चौकटीपाशी त्यांची मर्यादा उघड होत असे.

याचे कारण तांत्रिक आहे. युनिकोडपूर्व काळातील बहुतेक फॉन्टांत देवनागरी आकृत्या रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर बसवलेल्या असत. फॉन्ट बदलला की मराठी मजकूर निरर्थक रोमन अक्षरांत दिसे. प्रोग्रामच्या स्वतःच्या खिडकीत प्रोग्रामर हवा तो फॉन्ट नेमू शकतो. संदेश-चौकट मात्र विंडोजची असते आणि तिचा फॉन्टही विंडोजच ठरवते. युनिकोड आल्यानंतरही व्हिज्युअल बेसिकच्या सहाव्या आवृत्तीत अडचण संपली नाही. त्या आवृत्तीची संदेश-चौकट मजकूर जुन्या संकेतप्रणालीत उतरवून दाखवी. देवनागरीसाठी विंडोजमध्ये तशी संकेतप्रणालीच नसल्याने अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटे. विंडोजचे युनिकोड जाणणारे फंक्शन थेट बोलावणे, स्वतःची खिडकी तयार करणे किंवा संदेश इंग्रजीत ठेवणे, एवढ्याच वाटा उरत. पहिली वाट ठाऊक असावी लागे. दुसऱ्या वाटेत एस्केप कळ, ठरावीक बटण, दृष्टिहीनांसाठीचे स्क्रीन रीडर या गोष्टींची मूळ चौकटीत आपोआप होणारी सोय प्रोग्रामरला स्वतः करावी लागे. तिसरी वाट सर्वांत सोपी होती.

येथे एक सूक्ष्म बाब नोंदवली पाहिजे. विंडोजच्या मूळ संदेश-चौकटीत वाक्य प्रोग्रामरचे असते, पण बटणांवरील शब्द संगणकाच्या इंटरफेसच्या भाषेतून येतात. त्यामुळे मराठी इंटरफेस बसवलेला नसलेल्या संगणकावर प्रश्न मराठीत आणि उत्तरे इंग्रजीत, असे दृश्य दिसते. जावाच्या तयार चौकटींतही मराठी बटणे मुळात पुरवलेली नाहीत. प्रोग्रामरने ती स्वतः नेमावी लागतात. संवादाचा अर्धा भाग एका भाषेत आणि अर्धा दुसऱ्या भाषेत असणे ही अनुवादकाची चूक नव्हे. ती साधनाच्या रचनेतच आहे.

३. शब्द की वाक्य?

मराठी संगणकीय परिभाषेवरील चर्चा प्रायः शब्दांभोवती फिरते. फाइलला ‘धारिका’ म्हणावे, ‘नस्ती’ म्हणावे की ‘फाइल’च ठेवावे, असे वाद त्यात होतात. हे वाद निरर्थक नाहीत. रेड हॅटच्या पुढाकाराने २००८ मध्ये सुरू झालेल्या फ्यूएल या प्रकल्पाने इंटरफेसमध्ये वारंवार येणारे शब्द एकत्र करून भारतीय भाषांत त्यांचे प्रमाणीकरण करण्याचा प्रयत्न केला, तो उपयुक्तच ठरला. एकाच पडद्यावर ‘जतन करा’, ‘साठवा’ आणि ‘सुरक्षित करा’ असे तीन शब्द एकाच क्रियेसाठी येऊ नयेत, यासाठी अशी यादी हवी. परंतु यादी शब्दांची असते आणि संदेश-चौकट वाक्यात बोलते. खरी अडचण वाक्यापाशी सुरू होते.

प्रोग्राममध्ये वाक्य लिहिताना नावाची जागा मोकळी सोडली जाते आणि प्रोग्राम चालताना तेथे फाइलचे, विद्यार्थ्याचे किंवा गावाचे नाव बसते. इंग्रजीत हे सहज जमते. मराठीत क्रियापद कर्माच्या लिंगानुसार बदलते : फाइल काढून टाकली, फोल्डर काढून टाकला, चित्र काढून टाकले. एकच साचा तिन्हींसाठी वापरला की दोन वेळा वाक्य चुकते. चूक टाळायची तर छापील अर्जांप्रमाणे ‘टाकला/ली/ले’ अशी तिरप्या रेघांची रांग लावावी लागते. विभक्तीचीही तीच गत. ‘पुणे’चे ‘पुण्यात’ आणि ‘शाखा’चे ‘शाखेत’ होते. मोकळ्या जागेला प्रत्यय चिकटवणारा साचा मात्र ‘पुणेमध्ये’ असे लिहितो. सामान्यरूप ही मराठीची अंगभूत व्यवस्था आहे. ते अनुवादकाला कळते, पण साचा प्रोग्रामरने आधीच बांधलेला असतो. गेटटेक्स्टसारख्या साधनात मोकळ्या जागांचा क्रम बदलण्याची आणि एकवचन-अनेकवचनासाठी वेगळी वाक्ये देण्याची सोय आहे, लिंग व सामान्यरूपासाठी तशी तयार सोय नाही. उपाय साधा आहे : प्रत्येक प्रकारच्या वस्तूसाठी वेगळे वाक्य लिहावे किंवा नाव वाक्याबाहेर काढून ‘काढून टाकलेली फाइल : अहवाल’, ‘केंद्र : पुणे’ अशी मांडणी करावी. हा उपाय मात्र प्रोग्राम लिहितानाच करावा लागतो.

४. उत्तरांचा अर्थ

संदेश-चौकटीतील सर्वांत दुर्लक्षित मजकूर बटणांवरचा आहे. इंग्रजी ‘ओके’साठी ‘ठीक आहे’ आणि ‘कॅन्सल’साठी ‘रद्द करा’ हे प्रतिशब्द स्थिरावले आहेत. मराठीत ‘ठीक आहे’ म्हणजे संमती. ‘तुमचे काम जतन होऊ शकले नाही’ या वाक्याखाली ते एकमेव बटण असते, तेव्हा वापरकर्त्याला स्वतःच्या नुकसानीस संमती द्यावी लागते. तेथे ‘समजले’ किंवा ‘बंद करा’ हे शब्द अधिक प्रामाणिक आहेत.

‘रद्द करा’ची बाब अधिक गंभीर आहे. कार्यालयीन मराठीत एखादी अस्तित्वात असलेली गोष्ट रद्द होते : आदेश रद्द होतो, नियुक्ती रद्द होते, प्रवेश रद्द होतो. महाविद्यालयाच्या कार्यालयात ‘प्रवेश रद्द करणे’ ही एक स्वतंत्र, शुल्कपरताव्याशी जोडलेली प्रक्रिया आहे. अशा कार्यालयातील प्रोग्रामने ‘हा प्रवेश रद्द करायचा आहे का?’ असे विचारून खाली ‘ठीक आहे’ आणि ‘रद्द करा’ अशी बटणे दिली, तर प्रवेश वाचवण्यासाठी कोणते बटण दाबावे? प्रोग्रामरच्या हिशेबाने ‘रद्द करा’. भाषेच्या हिशेबाने नेमके उलट. येथे चुकलेल्या लिपिकाला दोष दिला जाईल, पण त्याने वाक्य बरोबर वाचलेले असेल. ‘प्रवेश रद्द करा’ आणि ‘प्रवेश कायम ठेवा’ अशी बटणे दिली की संदिग्धता उरत नाही.

हा विचार नवा नाही. बटणावर ‘होय-नाही’ऐवजी प्रत्यक्ष क्रिया लिहावी, असे ॲपलची मार्गदर्शक तत्त्वे आणि २००२ मधील ग्नोमची मार्गदर्शिका सांगत आल्या आहेत. २००७ मध्ये सर्वसामान्यांसाठी बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाने बटणांवर स्वतःचे शब्द लिहू देणारी चौकट दिली. मराठीत या तत्त्वाची निकड अधिक आहे, कारण नकारार्थी प्रश्नाला ‘हो’ म्हटल्यास मराठीत नकाराला दुजोराही मिळू शकतो. ‘बदल जतन करायचे नाहीत का?’ या प्रश्नाला दिलेल्या ‘हो’ या उत्तराचा अर्थ प्रोग्रामने कसा लावावा?

५. सूर आणि सभ्यता

संदेशाच्या सुराचाही विचार आवश्यक आहे. ‘इनव्हॅलिड’साठी ‘अवैध’ हा शब्द सर्रास येतो. मराठी वाचकाला तो अवैध बांधकाम, अवैध धंदे यांतून परिचित आहे. जन्मतारीख चुकीच्या क्रमाने लिहिणाऱ्याने कायदा मोडलेला नसतो. त्याला ‘तारीख दिवस-महिना-वर्ष या क्रमाने लिहावी’ एवढे सांगणे पुरते. विंडोज ९५च्या काळातील इंग्रजी संदेशही प्रोग्रामने ‘बेकायदेशीर’ क्रिया केल्याचे जाहीर करत असत; म्हणजे दोष केवळ अनुवादाचा नाही, मूळ संहितेचाही आहे.

‘तुम्ही बाहेर पडू इच्छिता?’ किंवा ‘फाइल जतन केली गेली नाही’ ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या चूक नाहीत, पण ती इंग्रजी वळणाची आहेत. ‘बाहेर पडायचे आहे का?’ आणि ‘फाइल जतन झाली नाही’ ही मराठीची वळणे आहेत. सूचनाफलकावर ‘विद्यार्थ्यांनी अर्ज भरावा’ असे लिहिणाऱ्या भाषेकडे विध्यर्थाचे सभ्य रूप तयार आहे. सूचनेसाठी विध्यर्थ आणि बटणासाठी आज्ञार्थ अशी वाटणी केल्यास सूचना आणि कृती यांतील भेदही स्पष्ट होईल.

६. आक्षेप आणि निष्कर्ष

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला, बहुसंख्य मराठी वापरकर्ते इंग्रजी इंटरफेसच वापरतात, मग हा खटाटोप कशासाठी? परंतु इंग्रजीची सवय ही काही अंशी मराठी मजकुराच्या दर्जाचा परिणाम आहे. जो मजकूर समजण्यासाठी मनात इंग्रजीत उलटा अनुवाद करावा लागतो, तो कोणी का निवडावा? दुसरा आक्षेप खर्चाचा. प्रत्येक वस्तूसाठी वेगळे वाक्य लिहिल्याने काम वाढते, हे खरे आहे. मात्र जेथे नोंद कायमची नष्ट होणार आहे किंवा प्रवेश, वेतन, गुण यांसारख्या बाबी बदलणार आहेत, अशा चौकटी कोणत्याही प्रोग्राममध्ये मोजक्याच असतात. निदान तेवढ्या तरी काळजीपूर्वक लिहिल्या जाव्यात.

मराठी संदेश-चौकटीची उणीव शब्दसंग्रहाची कमी आणि वाक्यविचाराची अधिक आहे, असे या परीक्षणातून दिसते. ती अनुवादकाच्या टेबलावर दूर होणार नाही, कारण तेथे पोहोचेपर्यंत वाक्याचा साचा पक्का झालेला असतो. महाविद्यालयांत संगणकशास्त्र विभाग प्रोग्रामिंग शिकवतो आणि मराठी विभाग व्यावहारिक मराठी शिकवतो. अर्जलेखन, इतिवृत्त, सूचनालेखन हे विषय दुसऱ्या अभ्यासक्रमाला परिचित आहेत. सूचनालेखनात संदेश-चौकटीचा समावेश झाला आणि प्रोग्रामिंगच्या प्रात्यक्षिकात संदेशाच्या मजकुरालाही गुण मिळाले, तर दोन्ही विभागांना वेगळ्या निधीची गरज न पडता हे काम सुरू होऊ शकते. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तराचा अर्थ आधी ठाऊक असला पाहिजे; प्रोग्राम लिहिणाऱ्या विद्यार्थ्याकडून एवढी अपेक्षा रास्त आहे.