गुडगुडीतला गूळ

आषाढ लागला की डब्यातल्या गुळाला पाणी सुटतं. हिंगोली जिल्ह्यात वसमतकडे ऊस बक्कळ, त्यामुळे तिथल्या घरांना हे सांगावं लागत नाही. गुळातली फळसाखर हवेतला ओलावा ओढून घेते. किराणा दुकानदाराला वैताग आणणारा हाच गुण गुडगुडीच्या तंबाखूत कामाला येतो. वैशाखात जी तंबाखू हातात घेताच भुगा होईल, ती गुळात मळली की नरम राहते.

गुळात मळलेल्या या तंबाखूचा, म्हणजे गुडाखूचा, ऐवज साधा: कुटलेली तंबाखू, गूळ किंवा काकवी, हौस असेल तर थोडा मसाला. मळून झालेला काळा, चिकट गोळा चिलमीत बसतो, वर खापरी, तिच्यावर निखारा. पहिल्या झुरक्यांत धुरापेक्षा वाफच जास्त. ती गोडसर, ओलसर लागते आणि घशाला लागत नाही. मग पाणी उडतं, साखर करपू लागते आणि काकवीच्या कढईवर येतो तो वास येतो. गुडगुडीची खरी चव मला इथे दिसते, गोडाला कडूची किनार लागलेली. पण हा काळ थोडा. गूळ संपत आला की उरलेली तंबाखू कोरडी जळते, आणि इतका वेळ दबून असलेला ठसका वर येतो.

तो दबतो, त्याला ओलावा हे अर्धंच कारण. साखर जळताना आम्लं तयार होतात, धूर आम्लाकडे झुकतो आणि घशाला झोंबणारं मोकळं निकोटिन कमी होतं. तळहातावर तंबाखू मळणारा नेमका उलट खेळ करतो. त्याचा चुना अल्कली, तो निकोटिन मोकळं करतो, म्हणून चिमूट गालात गेली की लगेच झणका बसतो. एकाच पानाची ही दोन टोकं आहेत.

विडीला यातलं काहीच लागत नाही. तेंदूचं पान वळावं म्हणून भिजवतात खरं, पण बांधलेले कट्टे शेवटी शेकून वाळवतात. आतल्या तंबाखूला गोडाचा हात लागलेला नसतो. तिचा धूर पहिल्या झुरक्यापासून घसा धरतो. चवीतल्या खरेपणाला गुण द्यायचे तर मी विडीला देईन. तब्येतीचे गुण मात्र दोघींनाही शून्यच.

तंबाखूच्या दख्खनी इतिहासातली एक गंमत इथे आठवते. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अकबराचा दूत असद बेग याने ती विजापुरातून बादशहाच्या दरबारी नेली. बादशहाने हकिमाचा विरोध डावलून दोन-चार झुरके मारले. म्हणजे उत्तरेच्या शाही हुक्क्याची सुरुवात आपल्याच बाजूची.

आता गुळाची जागा ग्लिसरिन आणि प्रॉपिलिन ग्लायकॉल यांनी घेतली आहे. सिगारेटच्या तंबाखूत ती बेताने असतात, फळांच्या वासाच्या हुक्का-तंबाखूत भरपूर. तो दाट पांढरा धूर मुख्यतः ग्लिसरिनचा. ओलावा धरण्यात ग्लिसरिन गुळाला हार जाणार नाही, पण रसिकाच्या जिभेला ते सपाट लागतं. गोडी आहे, पण काकवीचा वास नाही आणि करपण्याची ती कडवट किनारही नाही. फार तापलं की मात्र त्यातून अ‍ॅक्रोलिन निघतं. फोडणीचं तेल जळाल्यावर डोळ्यांना झोंबतं, ते हेच.

महाराष्ट्राने 2018 मध्ये हुक्का पार्लरवर बंदी आणली. पाण्यातून गेलेला धूर गाळून येतो, हा समज त्यानंतरही कायम आहे. पाणी धूर गार करतं आणि गूळ तो मऊ करतो, म्हणून झुरका लांबतो आणि खोल जातो. त्या प्रत्येक झुरक्यात निखाऱ्यातला कार्बन मोनॉक्साइडही असतो. त्याला वास नाही, चव नाही आणि ठसकाही नाही, तो पाण्यात अडत नाही.