गादी दिली, मान राखला

अकिरा कुरोसावाच्या ‘रान’मधल्या (१९८५) लढायांचं, रंगांचं, जळत्या किल्ल्याचं भरपूर कौतुक झालं आहे. मी मात्र अडकतो तो सुरुवातीच्याच प्रसंगात. हिरव्यागार डोंगरमाथ्यावर रानडुकराची शिकार झाली आहे. सत्तरीचा हिदेतोरा इचिमोंजी शेजारच्या दोन सरदारांसमोर बसल्या बसल्या पेंगतो. डुक्कर म्हातारं होतं, त्याचं मांस खाण्याजोगं नाही, असं तो नुकताच म्हणाला आहे. माझंही तसंच, मला खाल का, हेही वर जोडून. थट्टाच ती, पण पाहुणे ज्या बेताने हसतात त्यात सगळं आलं.

झोपेत त्याला स्वप्न पडतं: ओसाड माळ, आणि तो एकटा. घाबरून उठतो आणि निर्णय सांगून टाकतो. कारभार थोरल्या मुलाकडे, तारोकडे; दुसरा किल्ला मधल्या जिरोला, तिसरा धाकट्या साबुरोला. स्वतःसाठी तीस माणसं, महाराज हा किताब आणि मानचिन्हं. इथे पटकथेची खरी कारागिरी दिसते. म्हातारा कटकट तेवढी देतो आणि मान ठेवून घेतो. गादीवर दुसरा बसला की मान तिच्याबरोबर जातो, हे आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाद्या हिसकावणाऱ्या माणसाला ठाऊक नसावं?

मग बाणांचा खेळ. एकेक बाण मोडतो, तिन्ही एकत्र मोडत नाहीत. ही मोरी मोतोनारीची जपानी दंतकथा. साबुरो तिन्ही बाण गुडघ्यावर धरून मोडतो आणि सुनावतो: रक्त सांडून राज्य मिळवलंत, आम्हीही त्याच काळाची पोरं, आमच्या निष्ठेवर भिस्त कसली ठेवता? या फटकळपणाबद्दल त्याला हाकलून देतात. पण बाप पेंगत असताना झाडाच्या फांद्या तोडून त्याच्यावर सावली धरली ती याच मुलाने. कुरोसावा ते ओझरतं दाखवतो, अधोरेखित करत नाही. लक्ष नसेल तर निसटतं.

पुढे थोरल्याच्या किल्ल्यात कौटुंबिक बैठक. तारो आणि त्याची बायको काएदे वर, हिदेतोरा खाली. कॅमेरा जागचा हलत नाही. एका अंगठ्याच्या रक्ताने करारावर शिक्का घेतला जातो आणि तलवार न उपसता बाप पदच्युत होतो. काएदेच्या माहेरचाच हा किल्ला. तिच्या बाप-भावांना हिदेतोराने मारलं होतं. तिच्या थंड चेहऱ्यावर ते दिसत नाही, तिच्या बसण्यात दिसतं. कुरोसावाची ही मांडणी मला लढाईच्या दृश्यांपेक्षा सरस वाटते.

मराठी प्रेक्षकाला हा बाप परका नाही. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधले बेलवलकरही सगळं मुलांच्या हाती सोपवतात. फरक असा की बेलवलकरांची आपल्याला कणव येते; हिदेतोराची यायला वेळ लागतो, कारण त्याच्यामागे जाळलेली गावं उभी आहेत. चित्रपट आला तेव्हा कुरोसावा पंचाहत्तरीचा होता. तरीही त्याने म्हाताऱ्याची वकिली केलेली नाही, हे मला विशेष वाटतं.

सबंध चित्रपटाला वेळ नसेल तर सुरुवातीचा भाग तरी बघा, आणि कोण कोणाच्या वर बसलंय तिकडे लक्ष असू द्या.